लोंढे कुटुंबाला मज्जाव करू नये

शैला लोंढे आमच्या वरच्या मजल्यावर राहायला आली त्याच आठवड्यात माझं तिच्याशी भांडण झालं. दर शनिवारी संध्याकाळी तिच्या घरी दहा-बारा पोरं जमायची आणि टाळ्या पिटत, पाय आपटत गाणी म्हणायची. ती गाणी देवाची आहेत हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळत होतं की माझ्या डोक्यावर कुणीतरी घोडे नाचवतंय. मी तणतणत वर गेले. दार उघडलं ते एका बुटक्या, गोल चेहऱ्याच्या बाईनं. माझा अवतार बघूनही ती म्हणाली, "या ना आत, शेवटचं गाणं राहिलंय, ऐकूनच जा." भांडायला गेलेली मी बशीभर शिरा खाऊन खाली आले.

ही मंडळी भायखळ्याच्या एका खोलीतून इकडे आमच्या हाटकेशला आलेली. नवरा सुभाष औषधांच्या कंपनीत नोकरीला, अगदी मितभाषी माणूस. "हो" म्हणायलाही विचार करतो अशी मी त्याची चेष्टा करायची. मुलगी क्षितिजा कॉलेजात. शैला स्वतः इथल्याच एका स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात ऑफिसचं काम बघायची. पण ती खरी जगायची ते रविवारसाठी. जवळच गोडदेवला एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर त्यांचं मराठी चर्च भरायचं. चर्च म्हणजे साधा हॉल, पत्र्याच्या खुर्च्या आणि भिंतीवर एक क्रूस. तिथल्या सगळ्या माणसांना मिळून ते 'मंडळी' म्हणतात आणि धर्मगुरूला 'पाळक'. शैला तिथं मुलांची रविवारची शाळा घ्यायची, आणि गाणी बसवून घ्यायला तीच पोरं शनिवारी घरी बोलवायची.

तिचं माहेर लांब जालन्याला, आईवडील गेलेले. एकदा मी विचारलं, दिवाळीच्या सुट्टीत कुठं जात का नाहीस गं? तर म्हणाली, "कुठं जाऊ? माझं माहेर गोडदेवला आहे की." आणि ते खरंच होतं. तिच्या बरोबर भाजीला गेलं की दर दहा पावलांवर कुणीतरी "सलाम, शैलाबाई" म्हणून थांबायचं. ही माणसं एकमेकांना नमस्कार करत नाहीत, सलाम करतात. एक जुडी मेथी घ्यायला आम्हाला तासभर लागायचा. मी वैतागायची, मनातून थोडी जळायचीसुद्धा. मला कोण थांबवणार? माझा वाणीसुद्धा मला "मॅडम, छुट्टा दो" एवढंच म्हणतो.

हे सगळं भूपेश गेला त्या वर्षापर्यंत. २००६ साल असेल.

भूपेश हा खारी गावातल्या जिजाबाईचा मुलगा. जिजाबाई मूळची कोळ्यांतली. नवरा गेल्यावर ती या मंडळीत आली, बाप्तिस्मा घेतला, आणि पोराला घेऊन दर रविवारी हॉलमध्ये बसू लागली. हॉलची झाडलोटही तीच करायची. भूपेश लहानपणी शैलाच्या वर्गातला. मोठेपणी बिल्डिंगांना रंग लावायचं काम धरलं आणि दारूही धरली. उपासनेला यायचं बंद झालं, प्रभुभोजन, म्हणजे त्यांचा भाकर-द्राक्षरसाचा विधी, तो तर कधीच सुटला होता. एक दिवस परांचीवरून पाय सुटला आणि तो पाचव्या मजल्यावरून खाली आला. पिऊन होता म्हणाले.

मंडळीच्या पंचांनी ठरवलं की कबरस्तानात जागा मिळायला चिठ्ठी देऊ, पण पाळक येणार नाहीत, गीत होणार नाही, प्रार्थना होणार नाही. जो जिवंतपणी मंडळीत नव्हता त्याला मेल्यावर मंडळीचा मान कशाला? त्यांच्या नियमात ते बसत असेल, मला माहीत नाही. मला एवढंच वाटतं की नियम करणाऱ्यांनी आधी एखाद्या आईच्या तोंडाकडे बघावं.

जिजाबाई शैलाकडे आली. पायरीवरच बसली. "बाय," ती म्हणाली, "माझे पोराला नुसता खड्ड्यान टाकू नको. कुत्र्यासारखा टाकू नको. तुजेच जवल शिकला ना त्यो? दोन शब्द बोल. मना दुसरा कोन न्हाय."

शैला गेली. सुभाष, क्षितिजा, जिजाबाई, रंगकामातली चार पोरं आणि शैला. पेटीवर माती पडण्याआधी तिनं दफनविधीची प्रार्थना म्हटली, आणि भूपेशला लहानपणी शिकवलेलं एक गाणं म्हटलं. पाळक नसताना, आणि बाईमाणसानं! तिला ते चूक आहे हे ठाऊक होतं का, असं मी तिला विचारलं होतं. ती म्हणाली, "शालूताई, तिथं उभी राहिल्यावर मला एवढंच कळलं की कुणीतरी बोलायला पाहिजे. शांतता फार होती हो."

पुढच्या रविवारी पाळकांनी तिला बोलावून सांगितलं, मंडळीसमोर उभी राहा आणि माफी माग. माफी मागितली असती तर प्रकरण तिथंच मिटलं असतं, आणि शैला काही हट्टी बाई नव्हे. माझ्याशी भांडण झालं की स्वतःची चूक नसताना खाली येऊन चहा मागणारी ती. पण इथं ती अडली. म्हणाली, "उशिरा आले, चुकीचं गायले, कुणाला लागेल असं बोलले, सगळ्याची मागेन. पण भूपेशसाठी प्रार्थना केली याची माफी कशी मागू? जिजाबाई समोर बसलेली असणार."

मग उपासनेच्या शेवटी सेक्रेटरी कदम यांनी वाचून दाखवलं की लोंढे कुटुंबाला शिस्तीखाली ठेवलं आहे; ते पश्चात्ताप करेपर्यंत मंडळीतल्या कुणी त्यांच्याशी सहभागिता ठेवू नये, त्यांनी उपासनेला येऊ नये. शैलाचं म्हणणं काय हे कुणी विचारलं नाही.

शनिवार आला. वरून आवाज नाही. मी आपली कान देऊन बसले, आज पोरांना उशीर झाला असेल म्हणून. मग वर गेले. शैलानं सतरंजी अंथरली होती आणि एका कोपऱ्यात ती एकटीच बसली होती. "येतील," म्हणाली. कुणी आलं नाही. त्याच्या पुढच्या शनिवारीही तिनं सतरंजी अंथरली. त्यानंतर मीच ती गुंडाळून कपाटावर टाकली, मला ते बघवेना.

भाजीला जाणं आता दहा मिनिटांत व्हायचं. समोरून ओळखीची बाई आली की ती पलीकडच्या फुटपाथला जायची किंवा टोमॅटो निवडायला एकदम खाली वाकायची. शैला पहिले काही दिवस आपणहून "सलाम" म्हणायची. नंतर तिनं मान खाली घालून चालायला शिकून घेतलं. कुणाचं बारसं, कुणाचं लग्न, तिला बाहेरूनच कळायचं. सुभाषच्या चुलतभावानं तर फोन करून सांगितलं, "लग्नाला येऊ नका, आमची पंचाईत होईल." क्षितिजाच्या बरोबरीच्या मुली, ज्या रोज आमच्या जिन्यात खिदळत बसायच्या, त्यांनी कॉलेजात जागा बदलली.

एवढ्यावर थांबलं असतं तर शैला कधीच वकिलाकडे गेली नसती. पण काही उत्साही लोकांना नुसतं तोंड फिरवून समाधान होत नसतं. रात्री-बेरात्री फोन यायचे, उचलला की कुणी बोलायचं नाही. दारावर खडूनं काहीबाही लिहिलेलं असायचं. कारखान्याच्या मालकाला निनावी फोन गेला की तुमच्याकडची बाई चारित्र्यानं बरी नाही. मालक मारवाडी, त्यानं हसून सोडून दिलं. मग एक दिवस स्टेशनजवळ दोन पोरांनी क्षितिजाची वाट अडवली. "आईला सांग, नीट राहा, नाहीतर तुला कॉलेजात जाणं मुश्कील होईल," म्हणाले. पोर धावतच घरी आली. शैलानं तिला जवळ घेतलं, आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "शालूताई, तुमचा तो भाचा वकील आहे ना?"

पराग माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा, ठाण्याच्या कोर्टात वकिली करतो. बोलताना त्याला सारखं बोट वर करायची सवय आहे. एका रविवारी सकाळी, म्हणजे लोंढे आता घरीच असायचे त्या वेळेला, तो आला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि बोट वर केलं.

"काकू, पहिलं सांगतो. बहिष्कार टाकला म्हणून थेट शिक्षा करेल असा कायदा आज आपल्याकडे नाहीय. मुंबई राज्य होतं तेव्हा एकोणपन्नास साली एक केला होता. बासष्ट साली सुप्रीम कोर्टानं रद्द केला. धर्माच्या बाबतीत कुणाला आत ठेवायचं, कुणाला नाही, हा त्या पंथाचा अधिकार, असं म्हणाले."

"म्हणजे संपलंच," सुभाष म्हणाला. त्या महिन्यातलं त्याचं ते सगळ्यात लांब वाक्य असावं.

"संपलं कुठं? ऐका ना. धमकी देणं, मुलीची वाट अडवणं, फोनवरून छळणं, बदनामी, या सगळ्याला कलमं आहेत. पोलिसात तक्रार करायची. निदान एन.सी., म्हणजे अदखलपात्र नोंद, तरी होईल, त्या पोरांना बोलावून दम देतील. दुसरं, तुमचं चर्च ट्रस्ट म्हणून नोंदलेलं आहे का? आहे. मग ते काही कुणाचं घर नाही. सभासदाला काढायचं तर नोटीस द्यावी लागते, त्याचं ऐकून घ्यावं लागतं, त्यांच्याच घटनेत तसं लिहिलेलं असणार. तुमचं कुणी ऐकलंच नाही. धर्मादाय आयुक्तांकडे जाता येईल, नाहीतर सरळ दिवाणी दावा. कोर्टाला सांगू, निकाल लागेपर्यंत यांना उपासनेला येऊ द्या."

शैला म्हणाली, "आम्हाला लहानपणापासून शिकवलंय, विश्वासणाऱ्यांनी एकमेकांना कोर्टात खेचायचं नाही."

मी भडकले. "आणि विश्वासणाऱ्यांनी पोरीबाळींना रस्त्यात अडवायचं, हे शिकवलंय वाटतं?"

"पोलिसात जाऊ," ती म्हणाली. "क्षितिजासाठी. पण दाव्याचं... वकीलसाहेब, मला कुणाला शिक्षा नको आहे. मला परत जायचंय. माझ्या माणसांत. त्यासाठी काही आहे का?"

पराग म्हणाला, "आहे ना, तेच तर सांगतोय." तो तरुण आहे. त्याला वाटलं दोन्ही गोष्टी एकच.

पोलिसांनी काम चोख केलं हे सांगायला हवं. हवालदारानं आधी "अरे, तुमचे घरकाच मामला है ना, फादरला भेटा," असं केलं खरं, पण क्षितिजानं पोरांची नावं सांगितल्यावर साहेबांनी दोघांना उचलून आणलं. फोन थांबले, खडू थांबला. दाव्यावरही शैलानं सही केली, त्याला मात्र वेळ लागला. शैला रजा टाकून ठाण्याला जायची, बाकावर बसायची, तारीख घेऊन यायची. समोरच्या बाकावर कदम आणि दोन पंच बसलेले असायचे. वर्षानुवर्षं ज्यांच्या मुलांना तिनं गाणी शिकवली, ते भिंतीवरचं घड्याळ बघत बसायचे. एकदा कदमांना खोकल्याची उबळ आली तेव्हा शैलानं आपली पाण्याची बाटली पुढं केली. त्यांनी घेतली नाही. खोकत बाहेर निघून गेले.

अखेर पुढच्या वर्षी, पाऊस संपता संपता, कोर्टाचा अंतरिम हुकूम झाला. दाव्याचा निकाल लागेपर्यंत लोंढे कुटुंबाला उपासनेस येण्यास मज्जाव करू नये. परागनं फोनवर मला वाचून दाखवला आणि मी जिना चढून, धापा टाकत, वर जाऊन सांगितला. शैला इतकी रडली की सुभाष घाबरला. मग तिनं कॅलेंडर काढलं. येता रविवार कापणीच्या सणाचा होता.

कापणीचा सण म्हणजे काय, हे तिनं मला त्या आठवड्यात दहादा सांगितलं. गावाकडे लोक शेतातलं पहिलं पीक चर्चमध्ये आणतात. गोडदेवच्या हॉलमध्ये कुणाचं आलंय शेत, पण सण सुटत नाही. कुणी नारळ आणतं, कुणी केक, कुणी कोंबडी. उपासना झाली की सगळ्याचा लिलाव होतो आणि तो म्हणजे नुसता दंगा. एकमेकांच्या वस्तूंवर चढाओढ करून बोली लावायची, चिडवायचं, लिंबासाठी पन्नास रुपये मोजायचे. कुणाच्या वस्तूवर किती बोली चढली यावरून त्या घरावर मंडळीचा किती जीव आहे हे कळतं, असं ती म्हणाली. शैला गच्चीवरच्या डब्यात दुधी लावायची. तिच्या दुध्यावर दरवर्षी दोन घरं भांडायची. यंदाही वेलाला एक दुधी धरला होता, चांगला हातभर. तो तिनं तेलाच्या बोटानं पुसला, लाल रिबिन बांधली.

"तुम्ही पण चला," ती मला म्हणाली. "माझी माणसं बघा तरी."

मी गेले. दारात कुणी अडवलं नाही. कदम दारातच उभे होते. ते बाजूला सरकले, आम्ही आत गेलो. शैलानं दुधी पुढच्या टेबलावर बाकीच्या वस्तूंत ठेवला. आम्ही मधल्या रांगेत बसलो. त्या रांगेत आधी बसलेली एक बाई उठली, मग दुसरी उठली. कुणी घाईनं नाही, कुणी रागानं नाही. एखाद्याला पंख्याचा वारा सोसत नसेल तशा उठून पलीकडे जाऊन बसल्या. पाळकांनी चांगला उपदेश केला. गाणी झाली. शैला गायली, पहिल्यांदा हळू आणि मग मोकळ्या गळ्यानं. तिच्या चेहऱ्याकडे बघून मला वाटलं, झालं, आली बाई घरी.

लिलाव कदमच करायचे. नारळ गेला, केक गेला, पाळकांच्या बायकोनं केलेलं लोणचं तर तीन घरांनी चढवत नेलं. हशा, टाळ्या. मग त्यांनी दुधी उचलला.

"दुधी," ते म्हणाले. "दहा रुपये. बोला."

हॉलमध्ये कुणी बोललं नाही. कुठं पोर किरकिरत होतं, तेवढाच आवाज. "दहा रुपये एक वार." मागच्या रांगेत जिजाबाई बसली होती. शैलानं मान वळवून तिच्याकडे बघितलं, मीही बघितलं. जिजाबाई मांडीवरच्या पदराची कड बोटांनी सरळ करत होती. ती करतच राहिली.

माझं डोकं फिरलं. मी हात वर करणार, शंभर म्हणणार, पाचशे म्हणणार, तोच शैलानं माझं मनगट घट्ट धरून खाली दाबलं. "नको, शालूताई," ती पुटपुटली. "तुमचं नको. त्यांच्यातलं कुणीतरी."

"दहा रुपये दोन वार," कदम म्हणाले. थोडे थांबले. मला वाटतं, त्यांनाही ते जड गेलं. मग त्यांनी दुधी टेबलाच्या कडेला ठेवला आणि पुढची वस्तू उचलली. ती कोंबडी होती. ती फडफडली आणि सगळे पुन्हा हसायला लागले.

बाहेर जिन्यात सगळे एकमेकांना हात मिळवत सलाम करत होते. आम्ही चौघं मधून खाली उतरलो. रस्त्यावर आल्यावर मी जिजाबाईला जे शिव्याशाप द्यायला सुरुवात केली, ते सुभाषनं थांबवलं. "तिला बोलू नका," तो म्हणाला. "पोरगा गेला, गावातलेही तिला घेत नाहीत. ती कुठं जाईल?" क्षितिजा रिक्षात बसेपर्यंत रडत होती. शैला नव्हती रडत.

संध्याकाळी लोंढ्यांकडे परागचा फोन आला, त्याचा खणखणीत आवाज मलाही ऐकू येत होता. तो खुशीत होता. "काय, हुकूम पाळला ना त्यांनी? कुणी अडवलं का? अडवलं असेल तर लगेच सांगा, अवमानाचा अर्ज टाकतो, चांगले वठणीवर येतील."

"नाही अडवलं," शैला म्हणाली.

"काही बोलले? टोमणे, शिवीगाळ?"

"नाही. कुणी काहीच बोललं नाही."

"मग छान झालं की!"

शैला फोन धरून उभी होती. मी तिथंच बसले होते. ती म्हणाली, "वकीलसाहेब, बोलावं असा हुकूम निघतो का हो?"

परागचं बोट पलीकडे हवेत अडकलं असणार. मग आवाज आला. "नाही, काकू. तसा नाही निघत."

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

सुभाषनं चहा केला होता, तो तिनं घेतला. मी म्हटलं, जाऊ दे गं, नको जाऊस पुन्हा, दुसरं चर्च बघ. वसईला आहेत, बोरिवलीला आहेत. तिनं मान हलवली. वर्षभर ती दर रविवारी सकाळी तयार होऊन, केस विंचरून घरात बसायची हे मी पाहिलेलं होतं. आपल्याला येऊ देत नाहीत, नाहीतर आपण गेलो असतो आणि सगळे धावून आले असते, असं ती स्वतःला सांगायची. त्या एका वाक्यावर तिनं वर्ष काढलं होतं, आणि ते वाक्य आता कोर्टानं, परागनं आणि मी मिळून तिच्याकडून काढून घेतलं होतं.

"पुढच्या रविवारी जायला पाहिजे," ती कप खाली ठेवत म्हणाली. "न जाऊन काय सांगू? आता तर कुणी अडवतही नाही."